कोबीचा पाला आणि माहेरची शेळी

दुधात पाणी आहे का, हे सगळे विचारतात. म्हशीनं काल काय खाल्लं, हे कोणी विचारत नाही. अर्धा जन्म मी बिरवाडीत रतिबाचं दूध घातलं, आणि धंद्यातली खरी गोम त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे हे मला केस पिकायला लागल्यावर समजलं. दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, मामा, धंद्यातलं काहीतरी लिहा. म्हटलं लिहितो, पण कधी जन्मलो नि किती शिकलो ते लिहिणार नाही. शिकलो म्हणण्यासारखं काही नाही. अक्षर ओळखतो आणि बोलतो तसं लिहितो. ज्याला शुद्ध पाहिजे त्यानं तूप घ्यावं.

आम्ही गवळी धनगर. उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या माथ्यावर आमची वाडी. तिथं म्हशी पुरुषाच्या आणि शेळ्या बाईच्या, अशी वाटणी असते. ती कुठं लिहून ठेवलेली नाही, पण मोडत कोणी नाही. म्हशीचं दूध कुठं घालायचं ते मी ठरवणार, बोकड विकायचा का ठेवायचा ते ठकू ठरवणार. ठकू म्हणजे आमची घरधनीण. लग्नात तिच्या आईनं तिच्याबरोबर एक शेळी धाडली होती. पुढं आमच्या दारात जेवढ्या शेळ्या झाल्या त्या सगळ्या त्या एकीच्या पोटच्या. बाहेरची शेळी ठकूनं कधी आणली नाही. सासूबाई गेल्या, पण शेळीनं वळून बघितलं की ठकू म्हणायची, आईसारखी बघते.

बिरवाडीला कारखाने आले, आणि कारखान्यांबरोबर खोल्या भाड्यानं घेऊन राहणारी माणसं आली. बिहारची, युपीची, घाटावरची, खाली श्रीवर्धनकडची. माणूस आला की चहा आला आणि चहा आला की दूध आलं. वरून डोक्यावर दूध उतरवून बिरवाडीत पोचेपर्यंत ऊन चढायचं, दूध टिकत नसे. शेवटी मी म्हशीच खाली आणल्या. गावाच्या कडेला एका शेतकऱ्याची पडवी होती, तिचा गोठा केला. ठकू यायला तयार नव्हती. तिचा एकच प्रश्न होता, माझ्या शेळ्या चरणार कुठं? आजूबाजूला भाताची खाचरं, कुंपणं, आणि कारखान्यांच्या भिंती. शेळीनं कुणाच्या वालात तोंड घातलं की भांडण ठरलेलं. मी म्हटलं, दावणीला बसून खातील, सरकारी नोकरासारख्या. ती हसली नाही. पण आली, आणि शेळ्यांना आयुष्यात पहिल्यांदा दोर लागला.

आता धंदा थोडा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रतीब म्हणजे रोजचं ठरलेलं दूध, ठरलेल्या दारात, ठरलेल्या वेळी. त्यात गिऱ्हाईक दूध घेत नाही, भरवसा घेतं. दूध पातळ लागलं, आंबलं, वास आला, तर गिऱ्हाईक तुमच्याशी भांडत नाही. दुसऱ्या दिवशी बाई दारात येऊन म्हणते, मामा, उद्यापासून नको, आम्ही गावाला जाणार. आणि संध्याकाळी तीच बाई बाजारात दिसते. म्हणून गवळ्याला आपलं दूध आपणच हुंगावं लागतं. पण रोज हुंगणाऱ्याचं नाक सवयीचं होतं. हलवायाला गोड लागत नाही, तसंच.

दिवाळी सरली की आमच्याकडचं गवत पिवळं पडतं, आणि शिमग्यापर्यंत डोंगर बोडका होतो. मग पेंढा. सुक्या पेंढ्यावर म्हैस जगते, पण दूध देत नाही. अशा वेळी मला एक गोष्ट दिसली. महाडच्या बाजारात घाटावरून कोबी, फ्लॉवर, मुळा यायचा. वाईकडचा माल आंबेनळी घाट उतरून पोलादपूरवरून येतो. प्रवासात कोबीची वरची पानं सुकतात, फाटतात. भाजीवाल्या बायका ती सोलून टाकायच्या, म्हणजे आतला गड्डा ताजा दिसतो. फ्लॉवरचा पाला तर त्या टाकूनच देत. मुळ्याची पानंही. दुपारपर्यंत ढिगारा व्हायचा आणि तो उचलायचा कोणी यावरून बायकांचं रोज वाजायचं. मी म्हटलं, आयांनो, तुमचा ढीग मी नेतो.

तेव्हापासून सायकलला किटल्या लटकवून मी रतिबाला जायचा आणि येताना महाडवरून मागं पाल्याचं पोतं बांधून यायचा. हिरवागार, रसरशीत पाला, तोही त्या सुक्या दिवसांत. म्हशी दावणीवर तुटून पडल्या. शेळ्या पहिल्या दिवशी हुंगून बाजूला झाल्या, पण समोर दुसरं काहीच नसल्यावर त्याही खायला लागल्या. दूध वाढलं. मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून बिडी ओढायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, डोकं लागतं धंद्याला.

आमच्या बापाचं एक वाक्य होतं, जनावर तोंड लावतं ते विष नसतं. डोंगरावर अख्खी हयात त्यानं त्या वाक्यावर काढली आणि त्याचं एक जनावर कधी विषबाधेनं गेलं नाही. माणूस फसतो, जनावर फसत नाही. मीही तेच धरून होतो.

पहिली तक्रार आली ती शंकरशेठची. नाक्यावर त्याचं चहाचं हॉटेल. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आणि सगळ्यात तोंडाळ. एक दिवस किटलीत नाक घालून म्हणाला, "काय रे, दूध मुळ्याच्या पाण्यात धुतलंस काय?"

मी त्याला म्हटलं, तुझ्या हाटेलात कांदाभजीच्या शेजारी उभं राहून तुला दुसरा कसला वास येणार. लोक हसले. माझं फावलं. पण त्याच संध्याकाळी रामनरेश म्हणाला. हा युपीचा, एका कारखान्यात रात्रपाळी-दिवसपाळी करणारा, खोलीत चौघं मिळून राहायचे. अत्यंत शांत माणूस, तीन वर्षांत त्यानं माझ्या दुधाबद्दल एक शब्द काढला नव्हता.

"चाचा, भैंस को सरसों खिला रहे हो क्या?"

मी म्हटलं, आमच्याकडं सरसों नाही, मोहरी असते, ती फोडणीला. म्हशीला कोण घालील? तो म्हणाला, गावाकडं त्यांच्या म्हशी सरसोंच्या शेतात घुसल्या की दूध असंच लागतं. मग त्यानं खोलीतून मोहरीचे दाणे आणून माझ्या तळहातावर ठेवले. म्हणाला, सूँघो. वास नाही. मग दोन थेंब पाणी टाकून अंगठ्यानं रगडले. नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी. "दाना साबुत है तब तक चुप है," तो म्हणाला. "किसी ने दाँत लगाया तो जवाब देता है."

मी हात धोतराला पुसला आणि म्हटलं, माझी म्हैस कोबी खाते, मोहरी नाही. माझ्या मनात तो विषय तिथं संपला. स्वभावच तसा. कोणी सांगितलेली गोष्ट मला पटत नाही, आपण आपटलं की पटते.

पुढं एकामागून एक व्हायला लागलं. एका म्हशीची लघवी लाल झाली. कॉफीसारखी काळपट लाल. म्हैस मान खाली घालून उभी, दूध निम्म्यावर. मी म्हटलं गोचीडताप. आमच्याकडं गोचिडी असतातच, आणि लाल लघवी म्हटली की तोच. घरगुती जे करायचं ते केलं. शेजारच्या आळीतले म्हणाले, कारखान्याचं पाणी प्यायली असणार. त्या दिवसांत बिरवाडीत काहीही झालं, अगदी सुनेनं सासूला उलटं बोललं, तरी लोक कारखान्याच्या पाण्याचं नाव घेत. मलाही ते बरं वाटलं. दुसऱ्याच्या नावावर गेलं की आपला गोठा स्वच्छ.

मग ठकूची एक शेळी व्याली. करडू मेलेलं. अंगावर केस जवळजवळ नाहीत, कातडी नुसती गुळगुळीत, आणि गळ्याखाली दोन्ही बाजूंनी गाठ, लिंबाएवढी. असलं करडू मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ठकूनं ते हातात घेतलं आणि खाली ठेवायलाच तयार होईना. थोड्या दिवसांनी दुसरी व्याली. तेच. केस नाहीत, गळ्याला गाठ.

इथं एक सांगायला पाहिजे. ठकूच्या आईला, माझ्या सासूबाईंना, गळ्याला गाठ होती. त्या वरच्या खोऱ्यात पुष्कळ बायकांना असायची. लोक म्हणत, डोक्यावर ओझं वाहून मान सुजते. कोणी म्हणत अमक्या झऱ्याचं पाणी. सासूबाईंची गाठ मोठी होती, बोलताना हलायची. लहानपणी ठकू आईच्या कुशीत झोपायची तेव्हा तिचा हात त्या गाठीवर असायचा, असं तिनंच मला सांगितलं होतं.

दुसरं करडू बघून ती रडली नाही. मला म्हणाली, "आईची गाठ हाय ही."

मी म्हटलं, वेडी हायस काय.

"तिनं शेळी दिली ती डोंगरावर चरायला दिली. तुम्ही दोर लावला. तिला नाय आवडलं. ती सांगते हाय."

आता उरली चांदी. कपाळावर पांढरा टिळा होता म्हणून चांदी. गाभण होती, व्यायला अजून महिना-दीड महिना अवकाश होता. बाकीच्या शेळ्या एक तर म्हाताऱ्या झालेल्या किंवा ह्याच दोघी, ज्यांचं असं झालं. बोकड सगळे विकलेले. त्या दोघी पुन्हा गाभण राहतील याचा भरवसा नव्हता. चांदीचंही तसंच झालं तर त्या एका शेळीचा वंश तिथंच थांबला असता. ठकू म्हणाली, हिला घेऊन मी वर जाते. मी म्हटलं, वर आत्ता गवताची काडी नाही, पाण्याला अर्धा कोस जावं लागतं, गाभण जनावर चढ चढून गाभ टाकील. ती म्हणाली, हितं तर टाकणारच हाय. आमच्यात बोलणं बंद. भाकरी तिनं वाढली, पण ताट जरा जोरात ठेवलं.

त्याच दुपारी मी डॉक्टर आणला, तिच्या हट्टापायी नव्हे, म्हशीपायी. तेही लिहितो, कारण खरं आहे. जनावरांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता, लातूरकडचा, पोरगेलासा, बुटाला शेण लागलं तरी नाक न मुरडणारा. त्यानं म्हशीची पापणी उलटी करून बघितली. आत पांढरं फटक. कानामागं, कासेशी बोटं फिरवून गोचिडी शोधल्या. लघवी बाटलीत धरून उन्हात बघितली. मग म्हशीला सोडून गव्हाणीपाशी गेला, खाली वाकून एक पान उचललं, चुरगळलं, हुंगलं.

"मामा, हा पाला कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

"आणि त्याच्याबरोबर काय?"

"त्याच्याबरोबर कशाला काय? आवडीनं खातात की."

तो काही बोलणार तेवढ्यात ठकू आतून आली. दुसरं करडू तिनं अजून पुरलं नव्हतं, सकाळीच झालेलं होतं. फडक्यातून तिनं ते त्याच्या पुढं ठेवलं. डॉक्टरनं उकिडवं बसून गळ्याची गाठ दाबून बघितली. मग म्हणाला, हे पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी आज बघतोय.

त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. झाडाला पाय नाहीत, शिंगं नाहीत. किडा आला, जनावर आलं, तर ते पळू शकत नाही, ढुशी मारू शकत नाही. म्हणून कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ही जी एका घराण्यातली भावंडं आहेत, त्यांनी आपल्या पानात दोन वस्तू वेगवेगळ्या कोंडून ठेवल्यात. एकेकटी असताना दोन्ही गरीब. पान चावलं, भिंत फुटली, की त्या एकत्र येतात आणि तिखट, उग्र असं काहीतरी तयार होतं. किडा तोंड भाजून पळतो. आम्हा बिरवाडीच्या लोकांना हे समजावायला नको. दोन टाक्यांतली औषधं चुकून एकमेकांत गेली की काय होतं ते आम्ही भोंगा वाजल्यावर घरं सोडून पळत पळत शिकलोय.

माणसाला ह्याचं भय नाही, तो म्हणाला. माणूस शिजवतो, आणि भाकरीबरोबर वाटीभर खातो. उलट अंगाला चांगलंच. पण रोज, कच्चं, पोतंच्या पोतं, आणि दुसरं काहीच नाही, असं झालं की तोच उग्रपणा दुधात उतरतो. त्याच पाल्यात आणखी एक वस्तू असते, ती रक्त फोडते, म्हणून लघवी लाल. आणि गळ्यात एक ग्रंथी असते, तिला आयोडीन लागतं. हा पाला ते आयोडीन तिच्यापर्यंत पोचू देत नाही. आईच्या अंगावर बाहेरून काही दिसत नाही, पण पोटातल्या करडाची ग्रंथी उपाशी राहते आणि उपाशी राहून सुजते.

"मग महाडच्या बाजारातल्या मोकाट शेळ्यांनी पण हा पाला खाल्लाय," मी म्हटलं. "त्यांना काय झालं नाय."

"त्यांनी येता-जाता खाल्ला असेल. शिवाय तुमच्या शेळ्या वरच्या डोंगरातल्या. पावसानं तिथल्या मातीतलं आयोडीन धुऊन जातं. त्या आधीच काठावर उभ्या होत्या."

मला ते झेपत नव्हतं. मी शेवटचं हत्यार काढलं. म्हटलं, "डॉक्टर, माझा बाप सांगायचा, जनावर तोंड लावतं ते विष नसतं. तो काय खोटं बोलायचा?"

मला वाटलं हा हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "खोटं नाही. पण मला सांगा मामा, वर डोंगरावर शेळी एका झाडापाशी किती वेळ उभी राहते?"

ते मला माहीत होतं. शेळी उभी राहतच नाही. चार पानं करवंदीची ओरबाडते, पुढं धायटीचा शेंडा, मग मान वर करून बोरीची एक फांदी, आणि चालू लागते. तिला हाकत न्यावं लागत नाही, मागं धावावं लागतं. प्रत्येक झाडात काही ना काही कडू असतंच. शेळी कुठल्याच झाडाला आपलं कडू पुरतं दाखवायला वेळ देत नाही. बापाचं वाक्य चालत्या जनावराचं होतं. मी ते बांधलेल्या जनावराला लावलं.

ठकू एवढा वेळ भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं डॉक्टरला एवढंच विचारलं, बायांच्या गळ्याची गाठ पण त्याच ग्रंथीची का? तो म्हणाला, हो, तीच. तिकडच्या खोऱ्यात मीठ-मासळी कमी, मातीत आयोडीन कमी, म्हणून व्हायची. आता पुडीतलं आयोडीनचं मीठ खा, होणार नाही. ती मान हलवून आत गेली.

शेळ्यांचा पाला मी त्याच दिवशी बंद केला. म्हशींचा नाही. म्हणजे आजारी म्हशीचा केला. पण बाकीच्यांत मला स्वतः बघायचं होतं. एका म्हशीला पाला, दुसरीला पेंढा नि पेंड, आणि दोघींचं दूध वेगळ्या किटल्यांत. सांगायचं कुणाला नाही. शंकरशेठच्या हॉटेलात शेठपुढं नि रामनरेशपुढं दोन-दोन पेले ठेवायचे आणि म्हणायचं, ओळख. शेठ निम्म्या वेळा चुकला, पण चुकला तरी आवाज तेवढाच मोठा. रामनरेश एकदाही चुकला नाही. पाल्याच्या दुधाला तो नुसता पेला बाजूला सरकवायचा. आठवडाभर त्यानं तसं केल्यावर मी पाला थांबवला. पुढं कधी घातला तो पेंढ्यात कुट्टी करून, चार घासांत एखादा घास, आणि धार काढून झाल्यावर, म्हणजे पुढच्या धारेपर्यंत वास निवून जातो. डॉक्टरनं हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पण त्यानं सांगितलेलं आणि मी पाहिलेलं, यात फरक आहे.

चांदीचं मात्र सगळं ठकूनं हातात घेतलं. डॉक्टरनं टिंक्चर आयोडीनची बाटली दिली होती, मांडीच्या आतल्या मऊ कातडीला दर आठवड्याला लावायची. कातडीतून आत जातं म्हणे. ते मला लावू दिलं नाही. कोंड्यात आयोडीनचं मीठ. आणि सकाळ झाली की दोर सोडून ती चांदीला घेऊन बाहेर पडायची. सावित्रीच्या काठानं, खाचरांच्या बांधांवरून, जिथं कुंपण नाही तिथून, शेळी जाईल तिकडं ही मागं. कुणाच्या वालाकडं तोंड वळलं की पदर आडवा धरायची. माझं जेवण कधी वेळेवर मिळालं नाही. मी कुरकुरलो तर म्हणाली, तुमच्या म्हशीनं काय खाल्लं ते विचारा आधी.

व्याली ती दुपारी, उन्हात, बांधाच्या आडोशाला. मी किटल्या घासत होतो. ठकूची हाक आली म्हणून धावत गेलो. तिनं मला जवळ येऊ दिलं नाही, हातानंच थांबवलं. चांदी आडवी होती, करडू अर्धं बाहेर. ठकूनं ते ओढून घेतलं, नाक पुसलं, आणि पहिल्यांदा दुसरं काही न बघता गळ्याखाली बोटं घातली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"हाय," ती म्हणाली. "बारीक हाय. सुपारीएवढी."

अंगावर केस होते. काळे, ओले, भरपूर. करडू बराच वेळ तसंच पडून राहिलं. चांदी चाटत होती. मग त्यानं मागचे पाय उचलले, पडलं, पुन्हा उचलले, आणि उभं राहून आईच्या पोटाखाली डोकं खुपसलं. पाठ होती. म्हणजे मादी. ठकू मातीत बसली आणि तेव्हा रडली.

डॉक्टर येऊन बघून गेला, म्हणाला गाठ जिरेल. आणि जिरली. करडू बांधावर उड्या मारायला लागलं. एक दिवस मी ठकूला म्हटलं, आता तरी पटलं ना, आईचा राग नव्हता, पाल्याचा गुण होता. आता राहा सुखानं.

ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "डॉक्टर काय बोलला? आईची गाठ नि करडाची गाठ एकच. मंग मी काय वेगळं बोलले व्हते?"

मी तिच्या सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"ती बोलली नाय, तिनं दाखवलं," ठकू म्हणाली. "पाऊस पडला नि डोंगर हिरवा झाला की मी वर जाणार. तुमच्यावर राग नाय. तुमच्या म्हशी हितं ऱ्हातात, तुम्ही ऱ्हावा. माझ्या शेळीला दोर सोसत नाय."

आणि गेली. आषाढात चांदी, करडू आणि बाकीच्या शेळ्या घेऊन घाटी चढून गेली. पुडीतल्या मिठाचं गाठोडं तिच्या डोक्यावर. मी पायथ्यापर्यंत गेलो. लोकांना वाटलं आमचं बिनसलं. बिनसलं नव्हतं. मी दर शनिवारी संध्याकाळची धार दुसऱ्यावर सोपवून वर जायचा, रविवारी खाली यायचा. म्हशी मला सोडवल्या नाहीत. तिकडं गिऱ्हाईक बांधलेलं, रतीब बांधलेला. चांगली पंधरा-सोळा वर्षं मी अशी काढली. अभिमान आहेच. माझ्या दुधाला पुन्हा कोणी नाक मुरडलं नाही. पण एकट्याची भाकरी थापताना वाटायचं की एका जागी किती वेळ उभं राहतं हे डॉक्टरनं शेळीबद्दल विचारलं ते बरं, माझ्याबद्दल विचारलं असतं तर.

मधल्या काळात एक गंमत झाली, ती सांगतो. वर्तमानपत्रांत यायला लागलं की कोबी, फ्लॉवर, आणि ती हिरवी ब्रोकली म्हणून असते, हे खाल्लं तर कॅन्सरसारखे मोठे आजार लांब राहतात. एक निवृत्त हेडक्लार्क माझ्याकडून अर्धा लिटर दूध घ्यायचे. त्यांनी दूध अर्ध्याचं पाव केलं आणि रोज सकाळी कच्च्या कोबीचा रस प्यायला लागले. मी त्यांना करडांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मी काय शेळी आहे?" मी म्हटलं, नाही साहेब, शेळी पुढच्या झाडाकडं जाते. ते हसले, पण पावाचं पुन्हा अर्धं केलं नाही. पुढं डॉक्टर भेटला तेव्हा त्याला विचारलं, करडू मारणारं पान माणसाला औषध कसं? तो म्हणाला, किड्यासाठी बनवलेलं तिखट थोडं थोडं अंगात गेलं की आपलं शरीर जागं होतं, आतली झाडलोट करतं, असं शास्त्रज्ञ म्हणतात. पक्कं किती ते अजून बघतायत. पेलाभर रसाचं काय, असं विचारलं तर म्हणाला, मीठ आयोडीनचं खातात ना, मग एवढं घाबरू नका. ते हेडक्लार्क आजही माझ्यापेक्षा ताठ चालतात. तेव्हा माझं ऐकून कोणी कोबी सोडू नये. मी गवळी आहे, वैद्य नाही.

गुडघे बोलायला लागले तेव्हा म्हशी विकल्या आणि मी वर आलो. आता वाडीवर म्हशी नाहीतच कुणाच्या फारशा. त्यामुळे पुरुषाचं काही उरलं नाही, सगळं बाईचंच. ठकूला आता डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून शेळ्यांमागं मी जातो. सगळ्या त्या काळ्या करडाच्या पोटच्या. संध्याकाळी परत आलो की ती चुलीपाशी बसल्या बसल्या विचारते, आज काय काय खाल्लं? मी सांगतो. करवंद, धायटी, आईन, उंबराचा कोवळा पाला, बोर, कुड्याला नुसतं तोंड लावून सोडलं, बेहडा. ती ऐकत असते आणि मनात मोजत असते. एखाद्या दिवशी नावं कमी भरली की चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणते, "मंग एवढा वेळ कुठं बसला व्हता?"